गायक गेल्यावर: तोच आवाज की नवा?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बँडचा गायक वारला. उरलेल्या पोरांपुढं प्रश्न आहे: जुनाच आवाज पुढं न्यायचा की पाटी कोरी करायची? 1980 साली दोन बँडवर हीच वेळ आली होती.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला. त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम काढला. गिटार तीच, ठेका तोच. शोक फक्त काळ्याकुट्ट कव्हरात आणि सुरुवातीच्या संथ घंटेत. अल्बम तुफान खपला. पण असा बदली गायक मिळायला नशीब लागतं, आणि आपल्याकडं बरा गाणारा आधीच ऑर्केस्ट्रावाल्यांनी पळवलेला असतो!

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा गायक इयन कर्टिस मे महिन्यात गेला, अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर. उरलेल्या तिघांनी नावच बदललं: न्यू ऑर्डर. गिटारवाला बर्नार्ड समनर गाऊ लागला, कीबोर्डवर गिलियन गिल्बर्ट आली. 1981 च्या 'मूव्हमेंट' या पहिल्या अल्बमवर जुनी सावली आहेच. आवाज चाचपडतोय हे कळतं. 1983 च्या 'ब्ल्यू मंडे' गाण्यात ड्रम मशीनचे धडाधड ठोके सुरू होतात, तेव्हा कुठं बँड मोकळा झाल्यासारखा वाटतो. तीन वर्षं गेली त्यात.

मला विचाराल तर आपल्या पोरांनी ही दुसरी वाट धरावी. त्यांचा बेसवाला बरा गातो, आणि गेलेल्या मित्राची नक्कल करायला कुणाचंच मन धजत नाही. पहिल्या शोला लोक जुनीच गाणी मागणार, शिट्ट्या मारणार. मारू देत.