रिसर्च सेक्रेटरीपद की स्वतःचा एसटीएस प्रकल्प?

एमबीबीएसच्या सेकंड इयरची मुलं हमखास विचारतात: कॉलेजच्या रिसर्च सोसायटीत सेक्रेटरीपदाला उभं राहू, की तोच वेळ आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) एसटीएसला देऊ? 'दोन्ही कर' असं सिनियर सांगून मोकळे होतात. दोन्ही होतं, पण एकाच वर्षात सहसा नाही.

एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, ही विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. विषय तुमचा, गाइड कॉलेजमधलेच पूर्णवेळ प्राध्यापक, काम दोन महिन्यांचं. एका गाइडला एकच विद्यार्थी घेता येतो, त्यामुळे चांगले गाइड लवकर बुक होतात. प्रपोजल मंजूर झालं म्हणून लगेच पैसे मिळत नाहीत. रिपोर्ट मान्य झाला, तरच ५०,००० रुपये आणि सर्टिफिकेट. इंटर्नना अर्जच करता येत नाही, म्हणून पुढे ढकलत बसायला फारशी वर्षं नसतात.

सेक्रेटरीपदाला अशी घाई नसते, आणि त्यात संशोधनही फारसं नसतं. हॉल बुक करणं, डीन ऑफिसची परवानगी, बायोस्टॅटच्या (वैद्यकीय संख्याशास्त्राच्या) वर्कशॉपसाठी पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, सरांना गाठणं, पोस्टर स्पर्धेचे परीक्षक, सर्टिफिकेटवरच्या सह्या, हीच रोजची कामं. थिअरीची ७५ आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी मात्र कोणी माफ करत नाही.

मग उभं का राहायचं? उत्तर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, फाइलमध्ये आहे. पहिल्यांदा प्रपोजल लिहिणाऱ्या मुलाचं मराठी संमतीपत्र बघा. इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेला असतो, ओपीडीत बसलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला त्यातलं अक्षर कळत नाही. 'सहभाग ऐच्छिक आहे, नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही' ही ओळच कुठेतरी गळालेली असते. कुठे एचओडींची (विभागप्रमुखांची) सही नसते, कुठे सॅम्पल साइज (किती जणांचा अभ्यास करायचा तो आकडा) कसा काढला याचा पत्ता नसतो. फाइल परत येते, कमिटीची पुढची बैठक लांबते, तोवर एसटीएसचे दोन महिने सुरू झालेले असतात. चांगला सेक्रेटरी बैठकीच्या आठवडाभर आधी सगळ्या ज्युनियर्सना एका संध्याकाळी बसवून फाइली तपासून घेतो. पाहुण्या वक्त्याच्या भाषणापेक्षा ही एक संध्याकाळ संशोधनाला जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे. अशा कामात ज्याला मजा येते, त्याने खुशाल उभं राहावं.

पण ती फाइल तपासायला स्वतः कधीतरी भरलेली असावी लागते. म्हणून माझा कौल: आधी एसटीएस, मग पद. सेकंड इयरला प्रकल्प करा, थर्ड इयरला निवडणूक लढवा.

सीव्हीचा हिशोब करणाऱ्यांसाठी थोडक्यात. नीट पीजीत, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत, रँक बोलते, तिथे दोन्हीला शून्य गुण. अमेरिकेत रेसिडेन्सीला (पदव्युत्तर प्रशिक्षणाला) जायचं असेल तर दोन्ही उपयोगी. २०२२ पासून यूएसएमएलई (तिथली डॉक्टरी परवाना परीक्षा) स्टेप १ फक्त पास-नापास झाल्यावर बाकीच्या अर्जाकडे जास्त लक्ष जातं. तरी एसटीएस केलं असेल तर इंटरव्ह्यूत स्वतःच्या डेटावर दहा मिनिटं बोलता येतं. 'मी वर्कशॉप घेतले' हे वाक्य तेवढं ताणता येत नाही.

तिसराही एक पर्याय कानावर येईल: एमएसएआय या भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनेमार्फत आयएफएमएसएच्या रिसर्च एक्स्चेंजचा लोकल ऑफिसर. आयएफएमएसए म्हणजे १९५१ साली स्थापन झालेली वैद्यकीय विद्यार्थ्यांची जागतिक संघटना. ऑफिसरचं काम: परदेशी विद्यार्थ्याला विभाग मिळवून द्यायचा, राहायची सोय, कागदपत्रं. यजमानपणाची हौस असेल तर सुरेख, पण संशोधनाची भूक त्याने भागणार नाही.

उभं राहायचं ठरलंच, तर आधी मावळत्या सेक्रेटरीला गाठा. सोसायटीचे पैसे कोणाच्या सहीने निघतात? स्टाफ अ‍ॅडव्हायझर फोन उचलतात का? गेल्या वर्षी ज्युनियर्सचे किती एसटीएस रिपोर्ट खरंच सबमिट झाले? शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर तुमचा जाहीरनामा तयार झाला. त्यात 'संशोधन संस्कृती रुजवू' वगैरे लिहू नका, हॉस्टेलवर त्याला कोणी मत देत नाही. प्रत्येक विभागात यंदा कोणते गाइड मोकळे आहेत याची यादी आणि तपासलेला मराठी संमतीपत्राचा नमुना देईन, एवढं लिहा. आणि ती यादी अर्ज भरण्याआधीच करायला घ्या.