महिन्यानंतरही न जिरलेलं टेंगूळ: थांबावं की सुईने रक्त काढावं?

व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालं आणि बाळाच्या डोक्यावर सेफलहिमॅटोमा, म्हणजे कवटीचं हाड आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचून टेंगूळ आलं, तर सगळेच थांबायला सांगतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरतं ते बरोबरच आहे. बहुतेक गाठी आपोआप जिरतात, आणि तेवढ्यात सुई घातली तर साचलेल्या रक्तात जंतू जाण्याची भीती असते. या दिवसांत लक्ष ठेवायचं ते काविळीवर. सूज कवटीचे सांधे ओलांडून पसरत असेल किंवा बाळ फिकट पडत असेल, तर तो प्रकार वेगळा. लगेच हॉस्पिटल गाठा.

निर्णय अवघड होतो तो महिना होत आला आणि गाठ तेवढीच राहिली तर. आमच्या मुलीच्या वेळी दोन अनुभवी डॉक्टरांची दोन मतं पडली. एक म्हणाले, कवटी वाढताना उंचवटा सामावून जाईल. पुष्कळ बाळांत तसं होतंही. पीडियाट्रिक सर्जन म्हणाल्या, आतलं रक्त पातळ आहे तोवरच सुईचा उपयोग.

मला थांबणं नकोसं झालं ते त्या कडेमुळे. अंघोळीच्या वेळी बोट फिरवलं की गाठीभोवती टणक कंगोरा लागायचा, मधे मऊ. कडेने हाड धरू लागलं होतं. कंगोरा कालच्यापेक्षा आत सरकला का, हे बोटाला कळत नाही. आणि गाठ पूर्ण टणक झाली की सुईचा मार्ग बंद. मग डोक्याचा आकार फारच बिघडला तर भूल देऊन हाड छाटण्यापर्यंत गोष्ट जाते. त्यात मालिशवाल्या मावशींना टेंगूळ चोळून बसवायचं होतं. ते अजिबात करू देऊ नका.

सुईआधी सोनोग्राफी आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली. जागा बधिर करून काळपट, दाट रक्त सिरिंजमध्ये ओढलं. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. वरची दाबपट्टी सारखी सरकायची, तेवढाच काय तो वैताग.

रक्त पुन्हा साचू शकतं, जंतुसंसर्गाचा धोकाही शून्य नाही. गाठ लहान असती किंवा उतरत असती, तर मीही थांबलो असतो. पण मोठी, मधे मऊ आणि चौथा आठवडा सरत आलेला असेल, तर सर्जनची वेळ आजच घ्यावी असं मला वाटतं. गाठ टणक झाल्यावर गेलात तर त्यांच्याही हाती सुईचा पर्याय राहत नाही.