शिरोरेषा सरळ येते का? लिहिण्यासाठी ई-इंक टॅबलेट घेताना

ई-इंक टॅबलेटची, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेल्या टॅबलेटची, बहुतेक परीक्षणं वाचनापासून सुरू होतात आणि लिहिणं शेवटच्या परिच्छेदात उरकतात. ज्याला हातानेच टिपणं काढायची आहेत, तीही मराठीत, त्याला हा क्रम उपयोगाचा नाही. त्याने पडदा किती काळा-पांढरा दिसतो हे नंतर पाहावं. आधी एक ओळ लिहावी आणि तिच्यावर शिरोरेषा ओढावी.

रोमन लिपीत हात सतत छोट्या वळणांत फिरतो. देवनागरीत शब्द संपला की पेन उचलून मागे न्यावा लागतो आणि चार-पाच सेंटिमीटरची आडवी रेघ एका दमात ओढावी लागते. लेखणीचं ठिकाण ओळखण्यात यंत्र कुठे चुकतं ते या रेघेत लगेच उघडं पडतं. रेघ सावकाश ओढली की तिच्यात बारीक लाटा येतात. पडद्याच्या अगदी कडेला गेलं की शाई टोकापासून थोडी सरकून उमटते. म्हणून दुकानात किंवा परतीच्या मुदतीत तीन गोष्टी करून पाहाव्यात. पट्टी लावून तिरकी रेघ अगदी हळू ओढावी. शिरोरेषा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत न्यावी. मग हात पडद्यावर टेकवून पेन दोन इंच वर उचलावा आणि पुन्हा खाली आणावा. पेन जवळ असेपर्यंत यंत्र बोटांचा स्पर्श दुर्लक्षतं, पण पेन लांब गेला की तळहातालाच बोट समजून पान उलटतं. स्पर्श पूर्ण बंद करण्याची सोय आहे का, हे त्यामुळे विचारावंच.

यातल्या बऱ्याच यंत्रांचा पेन ईएमआर पद्धतीचा असतो. पडद्यामागची पाटी चुंबकीय क्षेत्र सोडते आणि पेनमधली तारेची गुंडाळी त्याला प्रतिसाद देते. पेनमध्ये बॅटरी नसल्याने तो चार्ज करण्याची कटकट नाही. पेन हरवला तर सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटचा एस पेन किंवा स्टेड्लरचा नोरिस डिजिटल चालतो, आणि एस पेन आपल्याकडे सहज मिळतो. उणी बाजू अशी की जवळ चुंबक आला की क्षेत्र बिघडतं. कव्हर मागे दुमडून लिहिताना ठराविक ठिकाणीच रेघ वाकडी येत असेल, तर यंत्र बदलून मागण्याआधी कव्हर काढून पाहा. दोष बहुधा कव्हरच्या चुंबकाचा निघतो.

आता पानाचा आकार. १०.३ इंची पडदा म्हणजे साधारण १५८ बाय २१० मिलिमीटर, जवळपास ए-५ वही. त्यावर ए-४ आकाराची पीडीएफ उघडली की ती सुमारे ७० टक्क्यांवर येते आणि १२ पॉइंटचा मजकूर साडेआठ पॉइंटचा दिसतो. इंग्रजी निभतं, पण जोडाक्षरं आणि रफार असलेला न्यायालयीन किंवा शासकीय मराठी मजकूर डोळे ताणून वाचावा लागतो. ११.८ इंचांवर हेच प्रमाण ८० टक्के होतं, ७.८ इंचांवर जेमतेम ५३. पीडीएफवर खुणा करणं हे मुख्य काम असेल तर छोटं यंत्र कितीही गोंडस दिसलं तरी घेऊ नये. नुसती टिपणं असतील तर मात्र ७.८ इंची यंत्र खरोखर सोबत राहतं.

यंत्रातली तयार रेघी पानं मराठीला बहुधा अपुरी पडतात. वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार-ऋकार, या सगळ्यांना जागा हवी. ओळींत ९ मिलिमीटर अंतर ठेवलं की अक्षर मोकळं बसतं. आपलं पान स्वतः करायचं तर १८६० बाय २४८० पिक्सेलची प्रतिमा घ्या (३०० पीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या, १०.३ इंची पडद्यासाठी), दर १०६ पिक्सेलला एक फिकी रेघ आखा. २२६ पीपीआयचा पडदा असेल तर १४०४ बाय १८७२ आणि दर ८० पिक्सेल. बाहेरचं पान स्वीकारण्याची सोय नसेल तर अशाच शंभर पानांची पीडीएफ करून तिलाच वही माना. देवनागरीत आपण रेघेखाली लिहितो, म्हणून पहिली रेघ वरून थोडी खाली घ्या, नाहीतर पहिल्या ओळीच्या वेलांट्या साधनपट्टीखाली जातात.

यंत्रांबद्दल. रिमार्केबल २ हे २०२० मध्ये जाहीर झालेलं नॉर्वेचं यंत्र: १०.३ इंच, २२६ पीपीआय, ४.७ मिलिमीटर जाड. ब्राउझर नाही, मेल नाही, पडद्याला दिवाही नाही. लक्ष विचलित न होणं हाच निकष असेल तर आजही यासारखं दुसरं नाही. खरखरीत पृष्ठभागावर पेन्सिलीसारखा आवाज येतो आणि त्याच खरखरीमुळे पेनचं टोक झिजतं. चपटं झालेलं टोक वेळेवर बदला. वर्गणी भरली नाही तर क्लाउडवर गेल्या ५० दिवसांत उघडलेलीच कागदपत्रं जुळवली जातात. हस्ताक्षराचा टंकित मजकूर करण्याच्या सोयीत मराठी धरूच नका. दिवा नसल्याने रात्री वीज गेली की लिहिणंही थांबतं, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवावं.

रिमार्केबलच्याच २०२४ च्या पेपर प्रोमध्ये रंग आणि दिवा आले, पण त्याचा पेन चार्ज करावा लागतो आणि जुने ईएमआर पेन त्यावर चालत नाहीत. रंगीत रेघ ओढल्यावर क्षणभर लुकलुकून स्थिर होते. अधोरेखनाला ठीक, सलग लेखनाला काळी शाईच बरी.

सुपरनोट मांटा (१०.७ इंच, ३०० पीपीआय) आणि तिची ७.८ इंची धाकटी नोमॅड यांचा पृष्ठभाग मऊ आहे. सिरॅमिक टोक त्यात किंचित रुतून सरकतं, म्हणजे बॉलपेनखाली वहीची चवड असल्यासारखं. टोक झिजत नाही, बॅटरी बदलता येते, मेमरी कार्ड बसतं. पाच वर्षांचा विचार करणाऱ्याने हीच घ्यावी. फक्त तो सिरॅमिक पेन दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या पडद्यावर चालवू नये, ओरखडा पडतो. इथेही दिवा नाही.

किंडल स्क्राइबला ३०० पीपीआय आणि चांगला दिवा आहे. मराठी पुस्तकं विकत घेऊन वाचायची असतील तर तो सोयीचा. पण पीडीएफच्या पानावर थेट लिहायचं असेल तर ती केबलने न टाकता ‘सेंड टू किंडल’ या अमेझॉनच्या सोयीनेच पाठवावी. या एका अटीवर बरेच लोक अडखळतात.

बूक्सची यंत्रं अँड्रॉइडची. गो १०.३ बिनदिव्याचं आणि हलकं, नोट एअर ४ सी दिव्याचं आणि रंगीत. रंगासाठी पडद्यावर बसवलेल्या जाळीमुळे तो करडा दिसतो आणि रंगाची घनता १५० पीपीआयवर येते. मराठी कळफलक हवा तो टाकता येतो, फाइल कुठेही पाठवता येते. आणि व्हॉट्सअॅपही टाकता येतं, इथेच एकाग्रतेचं दुकान बंद होतं. घ्यायचंच तर पहिल्या दिवशी हवी ती दोन-तीन अॅप टाकून प्ले स्टोअर बंद करा आणि लिहिताना वायफाय बंद ठेवा. बॅटरीही जास्त टिकते.

परदेशातून मागवताना किमतीत कर आणि जकात धराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉरंटी कुठल्या देशात चालते ते बघा. ई-इंक पडद्यामागे बऱ्याच यंत्रांत पातळ काच असते. वरून ओरखडाही नसताना ती आत तडकते आणि पडद्याचा एक कोपरा कायमचा गोठतो. लोकलच्या गर्दीत पाठीवरच्या पिशवीत, डब्याशेजारी ठेवलेलं यंत्र नेमकं असंच जातं. कडक पाठीचं कव्हर घ्या आणि पडद्याची बाजू पुस्तकाकडे ठेवा, चार्जरकडे नाही.