ई-व्हेरिफाय: फुकट आहे, फास्ट आहे, पण मिसमॅच आला की खरं काम आपलं

ई-व्हेरिफाय म्हणजे कामाला घेतलेल्या माणसाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हे ऑनलाइन तपासायची सरकारी सिस्टीम, आणि माहिती रेकॉर्डशी जुळली नाही की तो मिसमॅच. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगते.

आमची मेरीलँडमधली छोटी आयटी कंपनी, एका मोठ्या फेडरल कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करते, आणि एचआर म्हणजे मी एकटीच. सबकॉन्ट्रॅक्टच्या कागदांत 52.222-54 नंबरचा, म्हणजे ई-व्हेरिफाय वापरायलाच हवं असं सांगणारा क्लॉज होता, प्राइमवाल्यांनी (त्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टरने) विचारलं ई-व्हेरिफायवर आहात का, आम्ही म्हटलं नाही, तर म्हणाले आधी ते करा. जून 2008 मधे बुश यांनी ऑर्डर काढली आणि 8 सप्टेंबर 2009 पासून हा नियम फेडरल कॉन्ट्रॅक्टमधे यायला लागला, म्हणजे नवीन काहीच नाही, पण पहिल्यांदा सरकारी काम घेणाऱ्याची झोप उडतेच. माझीही उडाली होती.

रजिस्ट्रेशनला एक पैसा लागत नाही. सरकारबरोबर एक करार ऑनलाइन साइन करायचा, मग ट्युटोरियल आणि शेवटी टेस्ट, ती पास झाल्याशिवाय केस, म्हणजे एका माणसाची तपासणी, उघडताच येत नाही. टेस्ट घाईघाईत उरकू नका, त्यातलंच पुढे उपयोगी पडतं. रोजचं काम म्हणाल तर सोपं आहे, आय-9 फॉर्मवरची (प्रत्येक नवीन माणसाकडून भरून घ्यायचा कामाच्या परवानगीचा फॉर्म) माहिती भरायची, ती सोशल सिक्युरिटी आणि होमलँड सिक्युरिटी या सरकारी खात्यांच्या रेकॉर्डशी ताडली जाते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत "एम्प्लॉयमेंट ऑथराइज्ड" येतं. अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट असेल तर फोटोही दिसतो, तो हातातल्या कागदावरच्या फोटोशी जुळवून बघायचा. कामाला लागल्यापासून तीन कामाच्या दिवसांत केस उघडावी लागते, आणि ऑफर द्यायच्या आधी कुणाला चेक करून बघायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

गोंधळ होतो जुन्या लोकांवरून. साध्या कंपनीने फक्त नवीन माणसं तपासायची, जुन्यांना हात लावायचा नाही. पण हा क्लॉज असेल तर त्या कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे जुने लोकही तपासावे लागतात. आमच्याकडे 2005 पासून असलेले एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, इतकी वर्षं झाली आता माझ्यावर संशय का म्हणून. मी क्लॉज प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवला, प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना हाच नियम आहे हे दाखवलं, तेव्हा शांत झाले. म्हणून सांगते, ईमेल टाकून मोकळं होऊ नका, आधी सगळ्यांना एकत्र बसवून समजावा.

आता मिसमॅच. आमच्याकडे एक मराठी मुलगी जॉइन झाली, लग्नानंतर आडनाव बदललेलं, वर्क परमिटवर नवीन नाव आणि सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डला अजून माहेरचं. अर्थातच मिसमॅच आला. दार लावून तिला नोटीस दिली तर कागद हातात घेऊन ती पहिलं काय बोलली, "ताई, माझी नोकरी गेली का?" मी म्हटलं अजिबात नाही, रेकॉर्ड जुळलं नाही एवढंच, दुरुस्त करणार असशील तर इथे तसं लिही आणि सही कर. मग सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायला आठ सरकारी कामाचे दिवस मिळतात, आणि तोवर तिला कामावरून काढणं, पगार अडवणं, ट्रेनिंग थांबवणं यातलं काहीही करता येत नाही. आमच्याच एका मॅनेजरने सुचवलं की निकाल लागेपर्यंत तिला प्रोजेक्टवर घेऊ नको, मी स्पष्ट सांगितलं की हे नियमाबाहेर आहे. ती मॅरेज सर्टिफिकेट घेऊन गेली, नाव अपडेट झालं, केस क्लिअर झाली. पण त्या दिवसांत ती नीट जेवली नसेल.

तो एक स्टार तिथेच कापलाय. नावांच्या बाबतीत सिस्टीम फार कडक आहे आणि आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, कधी पासपोर्टवर पहिल्या नावालाच जोडलेलं, त्यात लग्नानंतर आडनाव नवीन. चूक कुणाचीच नसते पण धावपळ कामगाराची होते. शिवाय दुसऱ्याचे खरे कागद वापरणारा माणूस यात सुटूही शकतो, कारण ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं तर फोटो जुळवायची सोयच नाही. आणि सरकारचं शटडाऊन झालं की सिस्टीमही बंद पडू शकते, 2018-19 च्या शटडाऊनमधे तेच झालं होतं, तेव्हा तीन दिवसांची अट थांबवली होती पण आय-9 वेळेतच भरावा लागत होता.

तरी चार देते, कारण स्टेम ओपीटीवरच्या मुलांना (सायन्स-इंजिनिअरिंगसारखं शिक्षण इथे संपवून स्टुडंट व्हिसावरच काम करणाऱ्यांना) चोवीस महिन्यांची मुदतवाढ हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायवर असावीच लागते, आणि आता अशी मुलं आम्हाला घेता येतात. जॉइन होणाऱ्यांनो, पहिल्या दिवसाआधी सोशल सिक्युरिटी कार्ड, पासपोर्ट आणि वर्क परमिट शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर वाचून बघा, फरक दिसला तर आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा, मग आय-9 भरा.