चेक वटला नाही: फौजदारी तक्रार की दिवाणी दावा?

हातउसन्या चार लाखांपोटी घेतलेला चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा मेमो लागून परत आला, की माणूस आधी पोलीस ठाणं गाठतो. तिथे बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून बोळवण होते, आणि ते अगदीच चूक नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूक लागायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, हे दिसावं लागतं. नंतर पैसे थकले, एवढ्याने गुन्हा होत नाही.

तेव्हा वाटा उरतात दोन: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या चेकविषयीच्या कायद्याच्या कलम १३८ खाली मॅजिस्ट्रेटकडे तक्रार किंवा दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा.

१३८ मध्ये धाक आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. एरवी फौजदारीत संशयाचा फायदा आरोपीला. इथे चेकवरची सही कबूल झाली की तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं, आणि ‘सिक्युरिटीचा चेक होता’ हे पटवण्याचं ओझं त्याच्यावर पडतं. पण मुदती कडक. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर महिन्याभरात तक्रार. नोटिशीचे ३० दिवस हुकले तरी चेकच्या वैधतेचे तीन महिने संपले नसतील, तर तो पुन्हा भरून नवा मेमो घ्या. नोटिशीची पोस्टाची पावती आणि पोचपावती जपून ठेवा, पुढे सगळं त्यावर अडतं.

दिवाणीत तुरुंगाची भीती जवळपास नाही. कोर्ट फी रकमेच्या हिशोबाने भरायची, हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला तरी वसुलीसाठी पुन्हा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. मात्र व्याज रीतसर मागता येतं आणि समोरच्याची जमीन, फ्लॅट जप्तीत आणता येतो.

माझं मत: मुदतीत असाल तर आधी १३८. समोरचा नोकरी-धंद्यातला असेल तर समन्स निघाल्यावर बरेचदा तडजोडीला येतो. नावावर मालमत्ता असेल तर दावाही लावा. दोन्ही एकाच वेळी चालतात. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, आणि फौजदारीच्या तारखा मोजण्यात ती निघून गेलेले लोक कोर्टात कमी नाहीत. शिवाय आरोपी वारला तर खटला तिथेच थांबतो. दावा मात्र त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरता वारसांवर चालू राहतो.