मोफत क्रेडिट रिपोर्ट: स्कोअर सोडा, आतली पानं वाचा

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही क्रेडिट ब्युरोंनी (आपल्या कर्जांची नि कार्डांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांनी) दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्या नोंदींचा अहवाल, स्कोअरसकट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तरी बरेच जण एखाद्या ॲपवर ३०० ते ९०० मधला आकडा बघतात आणि तिथंच थांबतात. स्कोअर का पडला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं रिपोर्टच्या आतल्या पानांवरून, म्हणून ही सेवा वापरायलाच हवी.

काढायला सोपं आहे: पॅन, जन्मतारीख, मोबाइलवरचा ओटीपी. कधीकधी ओळख पटवायला जुन्या कर्जांबद्दल प्रश्न येतात. मध्येच वर्गणीचे प्लॅन पुढे केले जातात, ते नाकारून पुढे जायचं. मोफत रिपोर्टसाठी कार्डाचा नंबर लागत नाही. मागितला, तर आपण चुकीच्या पानावर आहोत. स्वतः रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. महिनाभरात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र त्या एन्क्वायऱ्यांचा, म्हणजे बँकांनी रिपोर्ट तपासल्याच्या नोंदींचा, फटका बसतो.

खरा ऐवज प्रत्येक खात्याखालच्या छोट्या चौकटींत आहे. दर महिन्याची एक चौकट, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची, आणि तीत हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा. ००० म्हणजे काहीच थकलेलं नाही. ०३० म्हणजे तीस दिवस. एक्सएक्सएक्स दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेनं कळवलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचा घोळ असा: न वापरलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक फी लागते, बिल जुन्या ईमेलवर जातं, आणि चौकटींत ०३०, ०६०, ०९० असा जिना चढत जातो. रक्कम काहीशे रुपयांची असली तरी नव्वद दिवसांच्या पुढे खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. म्हणून कार्ड नुसतं कपाटात टाकू नका. एक तर अधूनमधून वापरा, नाहीतर रीतसर बंद करून पत्र घ्या.

कार्डाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास सुटते. बँक ब्युरोला ज्या तारखेची माहिती कळवते, त्या दिवशीची बाकी रिपोर्टमध्ये उमटते. त्यामुळे ड्यू डेटला पूर्ण बिल भरणाऱ्याचंही कार्ड रिपोर्टमध्ये काठोकाठ भरलेलं दिसू शकतं. एक लाखाच्या लिमिटवर नव्वद हजार खर्च झाले असतील, तर बिल निघायची वाट न पाहता मोठा भाग आधीच भरून टाका. कार्डावरची बाकी लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवणं चांगलं. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे हा बदल स्कोअरमध्ये पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

फेडलेलं कर्ज चालू दिसणं, दुसऱ्याचंच कर्ज आपल्या नावावर येणं, पूर्ण भरूनही ‘सेटल्ड’ असा शेरा राहणं, या चुका नेहमीच्या आहेत. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरोखरच तडजोड झाली असेल, तर उरलेली रक्कम भरून नो ड्यूज (काही देणं उरलेलं नाही असं) प्रमाणपत्र घ्या आणि बँकेकडून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्या.

तक्रार ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. सिबिलच्या रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा क्रमांक) हाताशी ठेवा आणि नेमका कुठला रकाना चुकला ते लिहा. ‘माझा स्कोअर वाढवा’ अशा तक्रारीला काही अर्थ नाही. बँकेच्या होकाराशिवाय ब्युरो नोंद बदलत नाही, म्हणून त्याच दिवशी बँकेलाही प्रमाणपत्र जोडून लेखी कळवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ब्युरोही २०२२ पासून त्याच्या कक्षेत आले आहेत. एका ब्युरोत दुरुस्ती झाली म्हणून बाकीच्या तिघांत झाली असं धरून चालू नका.

या सेवेची उणीव म्हणजे रिपोर्टची भाषा. कोड आणि संक्षेप सामान्य माणसाला कळत नाहीत, आणि चारही ब्युरोंची मांडणी वेगळी. त्याचाच फायदा ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणारे एजंट घेतात. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद आपली आपल्याला फुकट दुरुस्त करता येते. अशा एजंटांना ओटीपी तर मुळीच देऊ नका.

कर्ज काढायचं नसेल तर चारही रिपोर्ट एकदम काढू नका. तीन-तीन महिन्यांनी एकेक काढला की वर्षभर लक्ष राहतं. गृहकर्जाचा अर्ज टाकायचा असेल, तर मात्र चारही एकत्र मागवा आणि तेही किमान तीन महिने आधी, कारण दुरुस्तीला तेवढा वेळ लागतोच.