वीस रुपयांतली तरतरी: स्टिंग आणि भारतातील एनर्जी ड्रिंकचा बदललेला बाजार

पेप्सिकोने ‘स्टिंग’ 2017 मध्ये भारतात आणले तेव्हा ते डब्यात मिळत होते, किंमत चढी होती आणि महागड्या डब्यांच्या रांगेत आणखी एकाची भर पडली यापलीकडे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे तेच पेय 250 मिलिलिटरच्या लहान प्लास्टिकच्या बाटलीत, 20 रुपयांना मिळू लागले आणि मॉलमधून निघून थेट पानटपरीवर येऊन बसले. आज एस.टी. स्थानकाबाहेरच्या दुकानात, पेट्रोलपंपावर आणि गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये ही लाल बाटली हटकून दिसते. या परीक्षणाचा विषय ती बाटलीच आहे. मात्र तिचे यश चवीपेक्षा किमतीत अधिक दडलेले असल्यामुळे, ज्या बाजारातून ती आली त्याचा विचार केल्याशिवाय तिचे मोल ठरवता येत नाही.

चवीचे आधी उरकून घेऊ. झाकण उघडताच स्ट्रॉबेरीसारखा गोड, कृत्रिम वास येतो. पहिला घोट थंड असेल तर बरा लागतो, कारण गारवा आणि गॅस मिळून गोडवा झाकतात. बाटली हातात कोमट होऊ लागली की मात्र लहान मुलांच्या तापाच्या औषधाची आठवण होते आणि शेवटचा चतकोर भाग संपवणे जिवावर येते. जिभेवर लाल रंग बराच वेळ राहतो. निळ्या रंगाचीही एक बाटली मिळते. तिच्याबद्दल वेगळे लिहावे असे काही नाही. रेड बुलच्या चवीत जो किंचित आंबट-कडवट, औषधी धारदारपणा आहे तो येथे नाही, आणि तो नसणे हे बहुधा हेतुपुरस्सर असावे. कारण ज्या ग्राहकाने आयुष्यभर गोड शीतपेये प्यायली आहेत त्याला ही बाटली परकी वाटत नाही. उत्पादन म्हणून ही हुशारी आहे, आणि माझ्या मते पुढच्या अडचणींचे मूळही याच हुशारीत आहे.

कारण आत जे आहे ते साध्या शीतपेयाचे नाही. या बाटलीत 72 मिलिग्रॅम कॅफीन असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये कॅफीनयुक्त पेयांसाठी जे मानक ठरवले, त्यानुसार अशा पेयात एका लिटरमागे कमीत कमी 145 आणि जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते. 250 मिलिलिटरचा हिशेब केला तर वरची मर्यादा 75 मिलिग्रॅमवर येते. म्हणजे 20 रुपयांची बाटली कायद्याच्या कमाल मर्यादेच्या अगदी काठावर उभी आहे आणि सुमारे 125 रुपयांना मिळणाऱ्या रेड बुलच्या 250 मिलिलिटरच्या डब्याशी, ज्यात 75 मिलिग्रॅम कॅफीन असते, तिची जवळजवळ बरोबरी आहे. एका मिलिग्रॅम कॅफीनसाठी रेड बुलमध्ये सुमारे 1 रुपया 67 पैसे मोजावे लागतात, तर स्टिंगमध्ये साधारण 28 पैसे. तरतरीसाठीच पैसे मोजायचे असतील तर दोन्हींत डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही. उरलेले शंभर रुपये डब्यासाठी, जाहिरातीसाठी आणि तो डबा हातात धरल्याने येणाऱ्या रुबाबासाठी जातात. टॉरिन हे शरीरातही तयार होणारे एक संयुग आणि ब गटातील जीवनसत्त्वे दोन्हींत असतात, पण पिणाऱ्याला जाणवतो तो परिणाम मुख्यतः कॅफीनचा आणि साखरेचाच.

वीस रुपयांची ही कल्पना मात्र पेप्सिकोची नव्हे. पुढे ‘पेपर बोट’ या पाऊचमधल्या सरबतांमुळे घराघरांत पोचलेल्या हेक्टर बेव्हरेजेस या कंपनीने 2011 च्या सुमारास ‘झिंगा’ नावाचे एनर्जी ड्रिंक पाऊचमध्ये घालून 20 रुपयांना विकायला काढले होते. रेड बुलने शहरांतील पब, जिम आणि मोटारशर्यतींच्या आधारे बाजार घडवला होता. त्याच वस्तूला सामान्य माणसाच्या खिशात बसवण्याचा तो प्रयत्न होता. पण 2015 मध्ये प्राधिकरणाने झिंगा, क्लाउड 9 आणि मॉन्स्टर या पेयांची परवानगी नाकारली. कॅफीन आणि जिनसेंग ही औषधी मुळी यांचे मिश्रण शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. पुढच्याच वर्षी कॅफीनयुक्त पेयांचे स्वतंत्र मानक आले आणि तोवर धूसर असलेली चौकट स्पष्ट झाली. ती झाल्यावर स्वस्त एनर्जी ड्रिंकच्या मैदानात उतरायला कोण सज्ज होते, हे पाहिले की झिंगाला जे साधले नाही ते स्टिंगला का साधले याचा उलगडा होतो. पेप्सिकोची भारतातील बहुतांश पेये बाटल्यांत भरून विकणाऱ्या वरुण बेव्हरेजेसकडे कारखाने होते, गाड्या होत्या आणि दुकानदाराकडे आधीच ठेवलेले कंपनीचे फ्रीज होते. नव्या पेयासाठी दुकानदाराला वेगळी जागा करावी लागली नाही. पेप्सी आणि मिरिंडाच्या शेजारी एक कप्पा रिकामा करणे पुरेसे होते.

प्रतिस्पर्धी अर्थातच मागोमाग आले. कोकाकोलाने थम्स अपच्या नावाचा आधार घेऊन ‘चार्ज्ड’ उतरवले, मॉन्स्टरच्या कुळातील ‘प्रिडेटर’ही कोकाकोलाच्याच गाड्यांतून स्वस्त बाटलीत दुकानांत पोचू लागले, आणि 2023 मध्ये कॅम्पा कोला पुन्हा जिवंत करून 200 मिलिलिटरची बाटली 10 रुपयांना विकणाऱ्या रिलायन्सनेही कॅम्पाच्या नावाने एनर्जी ड्रिंक आणले. चार्ज्डमध्ये कोलाची ओळखीची चव असल्यामुळे मला ते स्टिंगपेक्षा सुसह्य वाटते, पण दुकानात ग्राहक ज्या सहजतेने ‘स्टिंग द्या’ म्हणतो त्या सहजतेने दुसरे नाव घेत नाही. पेप्सिकोने 2025 मध्ये फॉर्म्युला वनशी करार करून स्टिंगला त्या शर्यतींचे अधिकृत एनर्जी ड्रिंक बनवले. मोटारशर्यत हे इतकी वर्षे रेड बुलचे अंगण मानले जात होते, हे लक्षात घेतले तर या कराराचा रोख कळतो.

आता गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या आसपास रात्री दहानंतर उघडी असणारी जी दुकाने आहेत त्यांपैकी एकात थोडा वेळ उभे राहिले, तरी बाजारपेठेचा अहवाल वाचण्याची गरज उरत नाही. पाठीवर सॅक आणि पायांत स्लिपर घातलेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येतात, ‘काका, एक स्टिंग’ म्हणत वीसची नोट काउंटरवर ठेवतात आणि बाटली घेऊन जिना चढतात. दुकानदाराला मी विचारले, तर तो म्हणाला, “दादा, दिवसा फ्रीजमध्ये सगळं थोडं थोडं जातं, रात्री हेच. चहाची टपरी बंद झाली की यांना दुसरं आहे काय?” त्याच्या बोलण्यात या बाजाराच्या वाढीचे एक कारण नेमके आले आहे. महामार्गावरचा ट्रकचालक, रात्रपाळीचा पहारेकरी, घरपोच जेवण पोचवणारी दुचाकीवरची मुले, गणेशोत्सवाआधी ढोल-ताशा पथकाचा सराव करणारी तरुण मंडळी, या सर्वांना उशिरापर्यंत जागे राहायचे असते आणि थांबून चहा पिण्याइतकी सवड किंवा सोय त्यांना नसते. बाटली खिशात मावते, झाकण पुन्हा लागते आणि अर्धी आता, अर्धी नंतर अशी पुरवता येते. डब्याला हे जमत नाही. वाढीची चर्चा करताना तरुणांच्या बदलत्या आवडीनिवडींवर बरेच बोलले जाते; मला त्यापेक्षा लांबलेले कामाचे तास आणि पुन्हा लावता येणारे झाकण ही कारणे अधिक वजनदार वाटतात.

या ग्राहकाला बाटली काय देते, हेही सरळ पाहायला हवे. कॅफीन पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तातील त्याची पातळी शिखरावर पोचते; झोप मागे हटते आणि काही काळ लक्ष लागते, हे खरे आहे. पण निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफीन बाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला बाटली संपवणाऱ्याच्या अंगात पहाटे तीनलाही 36 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन शिल्लक असते. म्हणजे पुस्तक मिटून पडल्यावरही झोप नीट लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या पेंगेवर उपाय म्हणून पुन्हा तीच बाटली समोर येते. त्यात साखर असते ती वेगळीच. घाम गाळून आलेला खेळाडू तहान भागवण्यासाठी ही बाटली तोंडाला लावतो, हे तर निव्वळ चुकीच्या समजुतीतून घडते. घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे हे या पेयाचे कामच नाही, त्यासाठी पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचे सरबत केव्हाही सरस. दारूत मिसळून पिण्याची पद्धत आणखी घातक आहे, कारण कॅफीनमुळे नशेची जाणीव बोथट होते, नशा मात्र तेवढीच राहते.

सर्वांत गंभीर आक्षेप मुलांच्या बाबतीत आहे. अशा पेयांच्या वेष्टनावर कॅफीनचे प्रमाण जास्त असल्याची आणि लहान मुले, गरोदर व स्तनदा माता आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्तींनी ते पिऊ नये अशी सूचना असते. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा अधिक पिऊ नये, हेही लिहिलेले असते. पण ही अक्षरे बारीक आणि इंग्रजीत असतात, आणि गावातल्या दुकानात 20 रुपये घेऊन आलेल्या पाचवीतल्या मुलाने ती वाचावीत अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने मुलांसाठी एका किलो वजनामागे दिवसाला 3 मिलिग्रॅम कॅफीन ही सुरक्षित पातळी मानली आहे. 24 किलो वजनाच्या मुलाची दिवसभराची मर्यादा या एकाच बाटलीत संपते, आणि चहा, कोला किंवा चॉकलेट त्यात धरलेलेच नाही. लिथुआनियाने 2014 पासून आणि पोलंडने 2024 पासून अठरा वर्षांखालील मुलांना एनर्जी ड्रिंक विकण्यावर बंदी घातली आहे. महाराष्ट्रात जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत हा विषय निघाला आणि शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक विकण्यास बंदी घालण्याची घोषणा तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी केली. हेतू चांगला आहे, पण तंबाखूसाठी शाळेभोवती 100 यार्डांची मर्यादा असताना त्या टपऱ्यांचे काय झाले हे आपण पाहतोच. आणि पुण्याच्या पेठांत वा मुंबईच्या चाळवस्तीत कोणत्याही शाळेभोवती 500 मीटरचे वर्तुळ काढले तर निम्मा वॉर्ड त्यात येईल. अंतर मोजण्यापेक्षा गिऱ्हाइकाचे वय पाहणे दुकानदारालाही सोपे जाईल.

कराने या वस्तूला आवर घातला जाईल ही अपेक्षाही फोल ठरली. सप्टेंबर 2019 मध्ये पणजीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत कॅफीनयुक्त पेयांवरील कर 18 टक्क्यांवरून 28 टक्के अधिक 12 टक्के उपकर असा वाढवण्यात आला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर काढून थेट 40 टक्के दर लागू झाला. बेरीज तीच राहिली. 20 रुपयांच्या छापील किमतीत साधारण पावणेसहा रुपये कराचे धरले तर उरलेल्या सव्वाचौदा रुपयांत पेय, बाटली, वाहतूक, वितरक आणि दुकानदार या सर्वांचे भागते. एवढा कर सोसूनही ज्या वस्तूची किंमत 20 वरच थांबते, तिच्या आतल्या मालाचा खर्च किती किरकोळ असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

माझे मत असे, की ज्या प्रौढ व्यक्तीला एखाद्या रात्री जागायचेच आहे आणि जिला कॅफीन सोसते, तिच्यासाठी ही बाटली पैशाच्या मानाने चोख आहे आणि महागडा डबा घेण्याचे कारण तिने उरू दिलेले नाही. चवीला मात्र पाचपैकी दोनच गुण द्यावे लागतील. रोजची सवय म्हणून तिची शिफारस मी करणार नाही, आणि फ्रीजमध्ये ती माझा नि फ्रूटीच्या शेजारी ठेवणे मला साफ अमान्य आहे. सिगारेटप्रमाणे ती काउंटरच्या मागे ठेवावी आणि मागणाऱ्याकडे एकदा पाहून मगच द्यावी.

घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. लहान प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस डब्याच्या मानाने लवकर उडतो, म्हणून बाटलीवर छापलेली उत्पादनाची तारीख पाहावी आणि उन्हात ठेवलेल्या पेटीतून काढून दिलेली बाटली घेऊ नये. उघडल्यावर ‘फस्स’ असा आवाज आला नाही, तर तिथल्या तिथे बदलून मागावी. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत.